आमची केस वेगळी आहे

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुणाचा लॅपटॉप बसला, कुणाच्या पेनड्राइव्हने फोटो गिळले, कुणाच्या मुलीचा प्रोजेक्ट आदल्या रात्री गायब झाला, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "काकांना विचार." काका म्हणजे बॅकअपकाका. बी विंग, दुसरा मजला. दारावर त्यांच्या खऱ्या नावाची पितळी पाटी आहे, पण त्या नावाने चौकशी केली तर वॉचमनसुद्धा घुटमळतो. वय सत्तरीला टेकलेलं, बँकेतून निवृत्त, एक चष्मा कपाळावर आणि दुसरा गळ्यात. आपल्या घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप कुठल्या सॉफ्टवेअरने घ्यावा, याचा ते गेली कित्येक वर्षं अभ्यास करताहेत. अभ्यास अजून चालू आहे. बॅकअप अर्थातच झालेला नाही.

आळस म्हणाल, तर तो काकांच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. विजेचं बिल आल्या दिवशी भरणारा, गॅसची नळी मुदत संपायच्या आत बदलणारा हा माणूस. घरातल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स आहे आणि झेरॉक्सची यादी आहे. भीतीही भरपूर आहे. "हार्ड डिस्क एक दिवस जाणार म्हणजे जाणारच," हे ते अशा सुरात सांगतात की ऐकणाऱ्याला आपलं मृत्युपत्र करायचं राहिल्याची आठवण व्हावी. आणि गमावण्यासारखंही बरंच आहे. वीस वर्षं खपून जमवलेला घराण्याचा कुलवृत्तांत, धाकट्याच्या मुंजीची व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून घेतलेली फिल्म, आईचे स्कॅन केलेले फोटो, गावच्या जमिनीचे सातबारे, रेडिओवरून टेप केलेली नाट्यपदं. सगळं मिळून १८० जीबी. साध्या डिस्कवर दुपारच्या झोपेत उतरून झालं असतं. पण साधं काही करायला काका तयार नाहीत.

गंमत अशी की बँकेत असताना याच माणसाने रोज बॅकअप घेतलाय. शाखेचं संगणकीकरण झालं तेव्हा हे काम कुणाला नको होतं, म्हणून ते काकांच्या गळ्यात पडलं. डे-एंड झाली की टेप घालायची, लेबल चिकटवायचं, रजिस्टरात नोंद करून सही ठोकायची. एक टेप शाखेच्या तिजोरीत, दुसरी शिपायाबरोबर शेजारच्या शाखेत. एक दिवस चुकला नाही. मी एकदा विचारलं, "काका, तेव्हा सॉफ्टवेअर कुठलं होतं?"

"कुणास ठाऊक! वरून आलं होतं. काळ्या पडद्यावर चार ओळी यायच्या, पाचव्या ओळीला वाय दाबायचं आणि साडेसातची लोकल पकडायची."

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. बँकेत सर्क्युलर होतं, घरी सर्क्युलर कोण काढणार? उभ्या हयातीत वरून आलेलं निमूटपणे अमलात आणलेल्या माणसाच्या हाती निवृत्तीनंतर पहिल्यांदा निवडीचा अधिकार आला, आणि तो त्यांना इतका आवडला की वापरून संपवावासा वाटेना. एकदा निवड केली की अधिकार गेला. उरलं काय, तर रोज वाय दाबणं.

म्हणून त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केलाय. चौतीस ओळी, एकवीस रकाने. प्रत्येक सॉफ्टवेअर म्हणजे कर्ज मागायला आलेला इसम, असं धरून काका त्याचा प्रस्ताव छाननीला घेतात. मूळ गाव कुठलं, धंदा किती वर्षांचा, मालक बदललाय का, उद्या पळून गेला तर आपली फाइल दुसऱ्या कुणाला उघडता येईल का. शेवटचा रकाना 'शेरा'. हा रकाना मी फार मन लावून वाचलाय.

नॉर्टन घोस्टपासून सुरुवात आहे. काकांचं हे जुनं प्रेम. न्यूझीलंडमध्ये जन्माला आलं, १९९८ साली सिमँटेकने विकत घेतलं, २०१३ साली बंद पडलं. शेरा : "मयत. केवळ संदर्भासाठी." मग ॲक्रोनिस ट्रू इमेज. या गृहस्थाने २०२१ साली आपलं नाव 'सायबर प्रोटेक्ट होम ऑफिस' करून घेतलं आणि काही वर्षांनी पुन्हा ट्रू इमेजवर आला. शेरा : "अर्जदाराने नाव दोनदा बदलले आहे. गॅझेटची प्रत मागवावी." मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती मात्र काकांना मनापासून पटली होती. मुळं तपासून झाली, रकाने भरून झाले, मंजुरीची शिफारसही लिहून झाली. तेवढ्यात कंपनीने मोफत आवृत्ती बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि १ जानेवारी २०२४ पासून तिचा आधारही काढून घेतला. काकांनी त्या ओळीला राखाडी रंग दिला आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "घरातलं कुणी गेल्यासारखं करताय." शेरा : "छाननी चालू असताना अर्जदार निवर्तला."

वीम हे मोठमोठ्या कंपन्यांना बॅकअपची सेवा विकणारं नाव, पण घरगुती कॉम्प्युटरला त्यांचा एजंट फुकट मिळतो. शेरा : "इतके मोठे लोक फुकट का देतात? खुलासा घ्यावा." क्लोनझिला हे तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेलं, पूर्ण मोफत, तोंडाने फटकळ पण कामाला चोख. त्याने काकांना जवळजवळ जिंकलं होतं. पेनड्राइव्हवरून ते सुरू केलं, एकामागून एक पडदे येत गेले आणि शेवटी 'खरंच पुढे जायचं का, वाय की एन' असा सवाल आला. काकांच्या हाताला जुनी सवय होती, त्यांनी वाय दाबलंही. पण क्लोनझिला तोच प्रश्न पुन्हा विचारतं. दुसऱ्यांदा विचारल्यावर काका सावध झाले. "दोनदा विचारतोय म्हणजे त्याला काहीतरी माहीत आहे," म्हणाले आणि एन दाबलं.

विंडोजमध्ये मुळात सोय आहेच की, असं कुणी म्हटलं तर काका त्याला कंट्रोल पॅनेल उघडून दाखवतात. विंडोज १० असो की ११, आत पाटी अजून 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' अशीच. "घर नवीन मालकाचं आणि दारावर पाटी जुन्या भाडेकरूची. अशा घरात मी डिपॉझिट ठेवू?" विंडोज ८ बरोबर २०१२ साली आलेली फाइल हिस्टरी आहे. बाहेरची डिस्क जोडून चालू केली की दर तासाला बदललेल्या फाइली उचलून ठेवते. ती त्यांना नको, कारण ती फक्त ठरावीक फोल्डर धरते आणि काकांचा कुलवृत्तांत डी ड्राइव्हवर 'नवीन फोल्डर (३)' मध्ये आहे. तो फोल्डर तिच्या यादीत घालता येतो. हे सांगायला गेलं, तर काका शांतपणे म्हणतात, "आमची केस वेगळी आहे."

आता हे सगळं खुळचटपणाचं वाटेल, पण काकांचा एकही आक्षेप खोटा नसतो, हीच खरी पंचाईत आहे. भाच्याने एकदा सुट्टीत येऊन रोबोकॉपीची एक ओळ लिहून दिली. हे विंडोजमध्ये आधीपासूनच असतं, पैसा लागत नाही. काकांनी ओळीतला 'मिर' हा शब्द पकडला. त्याचं काम आरशासारखं : मूळ फोल्डरमध्ये जे नाही, ते नकलेतूनही पुसून टाकायचं. "म्हणजे मी चुकून मुंज उडवली तर रात्री हाही उडवणार? याला बॅकअप म्हणतोस?" भाचा गप्प झाला, कारण काका बरोबर होते. क्लाउडच्या ज्या फोल्डरवर लोक निर्धास्त असतात त्यालाही हेच लागू. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं, आणि कचऱ्याच्या डब्याची मुदत संपली की मामला खतम.

दुसरी अडचण जोडणीची. डिस्क कायम जोडलेली ठेवली तर मे २०१७ मधल्या वॉनाक्राय-सारखा खंडणीखोर व्हायरस कॉम्प्युटरबरोबर तिलाही कुलूप घालणार. काढून ठेवली तर आपण जोडायला विसरणार. तिसरी अडचण 'इमेज की फाइल' ही. नुसत्या फाइली घेतल्या तर कुलवृत्तांत हाती लागेल, पण तो टाइप केलाय युनिकोडच्या आधीच्या जमान्यातल्या मराठी फॉन्टमध्ये. फॉन्ट नसेल तर मूळ पुरुषाच्या जागी दोन स्वल्पविराम, एक डॉलर आणि अर्धा इंग्रजी एस दिसेल. म्हणून अख्ख्या डिस्कची इमेज घ्यावी. पण इमेज दुसऱ्या यंत्रावर उतरली नाही तर? चौथी अडचण इन्क्रिमेंटल की डिफरन्शियल. पहिल्यात शेवटच्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच घेतात, त्यामुळे साखळीतली एक कडी निखळली की पुढचं सगळं बोंबललं. दुसऱ्यात शेवटच्या पूर्ण बॅकअपपासूनचं सगळं, म्हणजे ते रोज फुगतच जाणार. काकांचा तराजू या दोन पारड्यांत गेली तीन वर्षं लोंबकळतोय.

मग कुलूप लावायचं का, हा प्रश्न. पासवर्ड घातला तर चोराला मिळणार नाही, आणि वारसांनाही मिळणार नाही. पासवर्ड वहीत लिहावा, तर वहीची झेरॉक्स हवी, झेरॉक्स लॉकरमध्ये हवी, आणि लॉकरची दुसरी सही काकूंची, ज्यांना पासवर्ड कळू नये कारण त्या तो फ्रिजवर लावतील. "बॅकअपला नॉमिनी लावता येतो का रे?" हे काकांनी मला जिन्यात अडवून विचारलं होतं. ऑनलाइन बॅकअपचा विषय त्यांनी स्वतःच गणित मांडून निकालात काढला. अपलोडचा वेग १० एमबीपीएस धरला तर एक टेराबाइट चढायला सव्वानऊ दिवस. "सव्वानऊ दिवस पंखासुद्धा सलग चालत नाही आपल्याकडे." मुळात काकांकडचा सगळा डेटा त्या टेराबाइटचा जेमतेम पाचवा हिस्सा, म्हणजे दोन दिवसांच्या आतलं काम, हे मी बोललो नाही. बोलून उपयोग नव्हता. भविष्यातली वाढ धरलेली होती.

एवढं असूनही डिस्क मात्र त्यांनी विकत घेतली. त्या दिवशी मी बरोबर होतो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड, आणि मग नऊ दुकानं. दहाव्या दुकानात काकांनी एक टेराबाइटची डिस्क उघडून जोडून दाखवायला लावली. पडद्यावर आकडा आला ९३१ जीबी. काकांनी चष्मा बदलला. "हजार कुठे आहेत?"

"अंकल, सबमें इतनाही आता है."

"का?"

काकांना कारण पाठ होतं. बनवणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात, विंडोज १०२४ च्या. पण ते त्यांना दुकानदाराच्या तोंडून ऐकायचं होतं. तो बिचारा मागच्या गिऱ्हाइकाला माऊस देत होता. "बँकेत मी लाखाला सात हजार कमी दिले असते आणि 'सबमें इतनाही आता है' म्हटलं असतं, तर मला पेन्शन मिळाली असती का?" हा प्रश्न त्यांनी आधी दुकानदाराला, मग माऊसवाल्या गिऱ्हाइकाला, आणि परतीच्या गाडीत कुर्ल्याच्या आसपास चौथ्या सीटवरच्या एका निरपराध माणसाला विचारला. जोडून पाहिलेली ती डिस्क नाकारून त्यांनी सीलबंद दुसरी घेतली. ती आजही सीलबंद आहे. फॉरमॅट एनटीएफएस ठेवावा की एक्सफॅट, हे ठरेपर्यंत उघडायची नाही असं ठरलं. दरम्यान तिची तीन वर्षांची वॉरंटी खोक्यातल्या खोक्यात संपली. काकांनी त्या तारखेला कॅलेंडरवर बारीक फुली मारून ठेवली होती.

आणि हाच माणूस दुसऱ्याला सल्ला देताना पाहावा! वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या, तेव्हा काकांनी उभ्या उभ्या निकाल दिला. "डोकं लावू नका. दोन डिस्का घ्या. महत्त्वाचं फोल्डर उचलून महिन्याला एकदा दोन्हीवर टाका. एक घरी, एक पेणला भावाकडे. संपलं." बाई आजतागायत तसंच करताहेत. सीए करणाऱ्या पोराला त्यांनी वीम लावून दिलं, ज्याचा खुलासा अजून यायचाय. ए विंगमधल्या फोटोग्राफरला क्लोनझिला शिकवलं आणि दोन्ही वेळा वाय दाबायला लावलं. आमच्या अख्ख्या सोसायटीचा डेटा आज सुरक्षित आहे तो या एका माणसामुळे. तक्त्यातलं नाकारलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर कुठल्या ना कुठल्या विंगमध्ये सुखाने नांदतंय.

गणपतीत सत्यनारायणाच्या आधी अर्धा तास काकांचं भाषण असतं. विषय दरवर्षी एकच, ३-२-१. पीटर क्रॉग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला हा मंत्र : प्रती तीन, माध्यमं दोन, आणि एक प्रत घराबाहेर. पुराव्यादाखल 'टॉय स्टोरी २'ची गोष्ट येते. १९९८ साली पिक्सारमध्ये कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि सिनेमाच्या फाइली डोळ्यांदेखत नाहीशा व्हायला लागल्या. बॅकअप काढून बघतात तर तो नीट चाललेलाच नाही. शेवटी गॅलिन ससमन या तांत्रिक दिग्दर्शिकेच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत सापडली, कारण बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या. इथे काका पॉज घेतात. गेल्या वर्षी त्या पॉजमध्ये, प्रसादाचा शिरा हलवता हलवता काकूंनी विचारलं, "मग त्या बाईंनी सॉफ्टवेअर कुठलं निवडलं होतं?"

मंडपात हशा पिकला. काका डगमगले नाहीत, ते गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या गोष्टीवर गेले. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या कर्मचाऱ्याने चुकून चालू डेटाबेस उडवला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, आणि ऐन वेळी पाचातली एकही धड निघाली नाही. कुणीतरी त्याआधी सहाएक तास हाताने घेऊन ठेवलेल्या प्रतीवर निभावलं, मधलं गेलं ते गेलं. या गोष्टीतून बाकीचे लोक 'रिस्टोअर करून बघत जा' एवढा बोध घेतात. काकांचा निष्कर्ष आणखी पुढचा आहे. "पाच-पाच पद्धती असून हाती काही लागलं नाही. तिथे मी एक घेऊन काय दिवे लावणार?"

निदान मुहूर्त तरी धरा, म्हणून मी ३१ मार्च सुचवला. हा दिवस २०११ पासून जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळतात. दुसऱ्या दिवशी एप्रिल फूल, त्याच्या आत शहाणे व्हा, अशी त्यातली खोच. काका माझ्याकडे बघतच राहिले. "एकतीस मार्चला? अरे, क्लोजिंग असतं!" निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्या दिवशी ते रात्री उशिरापर्यंत जागे असतात आणि काकू त्यांना थर्मासमध्ये चहा करून ठेवतात.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. "वर ये. लगेच." आवाजात उत्साह होता. गेलो. कॉम्प्युटर सुरू करताना काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली होती. डिस्कची प्रकृती वाईट आहे, बॅकअप घ्या आणि ती बदला, आणि पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा, असा त्याचा मजकूर. कपाटाच्या दारातून मला ती सीलबंद डिस्क दिसत होती.

"काका, आत्ताच्या आत्ता ते खोकं फोडा. आधी कुलवृत्तांत काढू."

"थांब रे. घाई नको. सगळ्यात महत्त्वाची फाइल सुरक्षित आहे."

"कुठली? मुंज?"

"तक्ता!" काका म्हणाले. तो त्यांनी रोज रात्री स्वतःलाच ईमेल केलेला होता. पेनड्राइव्हवर एक प्रत होती. शिवाय दर तिमाहीला छापील प्रत सांगलीला बहिणीकडे रजिस्टर पोस्टाने जात होती, पोचपावतीसह. प्रती तीन, माध्यमं दोन, एक घराबाहेर. पोचपावत्यांची फाइलही त्यांनी दाखवली.

"आणि हा निरोप? डिस्क जातेय त्याचं काय?"

"जाते कुठे? हे कालपासून येतंय थोडंच. दिवाळीच्या आधीपासून येतंय. त्यात उपायही दिलाय की." काकांनी ठामपणे एफ-वन दाबलं. घरघर करत विंडोज उघडलं, तक्ता उघडला, आणि त्याच्या तळाशी मला एक नवं पान दिसलं. नाव होतं 'रिकव्हरी सॉफ्टवेअर'. पहिल्या ओळीत फोटोरेक : मोफत, उडालेल्या फाइली परत काढतं, मात्र मूळ नावं बहुधा मिळत नाहीत.

शेऱ्याच्या रकान्यात काका टाइप करत होते : "अर्जदार माल आणतो, पण नावे सांगत नाही. संशयास्पद."